जुनी अमेरिकन मसल कार स्वतःच्या हाताने चालती ठेवणे

मिशिगणकर:

नमस्कार मंडळी. मागे गाड्यांच्या धाग्यावर काही जणांनी विचारलं होतं की पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन गाडी घरच्या घरी कशी काय सांभाळता, तिथे उत्तर लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

माझ्याकडे १९७० ची प्लिमथ डस्टर ३४० आहे. मसल कार म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: साध्या, मध्यम किंवा छोट्या बॉडीत मोठं व्ही-८ इंजिन कोंबायचं आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराला परवडेल अशा भावात विकायचं. १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून ही लाट जोरात सुरू झाली, मग विमा महागला, प्रदूषणाचे नियम आले, १९७३ ला तेलाचं संकट आलं आणि लाट ओसरली. डस्टर त्यातली अगदी साध्या घरची. व्हॅलियंट नावाच्या घरगुती गाडीचा सांगाडा, त्यावर नवी दोन दारांची बॉडी आणि आत ३४० क्युबिक इंचाचं म्हणजे साधारण ५.६ लिटरचं इंजिन, कागदावर २७५ हॉर्सपॉवर. माझी इथेच डेट्रॉईटला खेटून असलेल्या हॅमट्रॅम्कच्या कारखान्यात बनलेली, ज्याला सगळे डॉज मेन म्हणायचे, १९८० ला तो बंद झाला. गाडीच्या व्हीआयएन म्हणजे ओळख नंबरात एच आहे म्हणजे ३४० इंजिन आणि बी आहे म्हणजे हॅमट्रॅम्क, त्यामुळे कोणी अशी गाडी घ्यायला निघालं असेल तर पैसे द्यायच्या आधी काचेखालची ती पट्टी वाचा, कारण सहा सिलिंडरच्या डस्टरला ३४० चे स्टिकर लावून विकणारे खूप आहेत.

रिस्टोरेशनबद्दल मी बोलणार नाहीये, ते वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा पैसा लागतो. गाडी रस्त्यावर चालली पाहिजे, थांबली पाहिजे आणि घरी परत आली पाहिजे, एवढंच धरून लिहितो. आणि त्यात माझं एकच ठाम मत आहे: बिघाड सापडल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. या गाडीत कॉम्प्युटर नाही, सगळं मोजता येतं. मल्टिमीटर, टायमिंग लाईट, ड्वेल मीटर, व्हॅक्युम गेज आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढं असलं की इंजिन स्वतःच सांगतं काय दुखतंय ते. बहुतेक लोक उलटं करतात, गाडी मिसिंग करते म्हणून आधी कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलतात, मग कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, मग प्लग वायरी, आणि शेवटी निघते व्हॅक्युमची दहा पैशांची तडकलेली नळी.

पाने सगळे इंचाचे लागतात हे भारतातून आलेल्यांनी लक्षात ठेवा. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टला जवळपास बसतो आणि तिथेच बोल्टचे कोपरे गोल होतात. आणि दुसरी पहिल्या दिवशीच कळायला हवी अशी गोष्ट म्हणजे त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांना (प्लिमथ, डॉज तिच्याच) ड्रायव्हरच्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर एल कोरलेलं दिसेल. टायरच्या दुकानातल्या पोराला हे माहीत नसतं, तो इम्पॅक्ट गन लावतो, नट ढिला होत नाही म्हणून अजून जोर लावतो आणि स्टड तोडून मोकळा होतो. म्हणून टायर बदलायला गेलात की आधीच तोंडाने सांगा आणि शेजारी उभे राहा.

तर ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी लिहा, ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांनी विचारा.

कोलंबसवाला:

अरे वा दादा, अगदी वेळेवर धागा आला. माझ्याकडे १९६९ ची डॉज डार्ट जीटीएस आहे, ३४० च. नवीनच घेतलीये. प्रॉब्लेम असा आहे की किल्ली फिरवली, सेल्फ लागतो, इंजिन झकास पेट घेतं आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद. परत किल्ली, परत सुरू, सोडली की बंद. गॅस (इकडचं पेट्रोल) येतोय, कार्बमध्ये बघितलं. ज्याच्याकडून घेतली तो म्हणतो कॉईल गेली असेल, इथला एक मेकॅनिक म्हणतो डिस्ट्रिब्युटरच बदल. काय करू?

मिशिगणकर:

काहीच विकत घेऊ नकोस अजून. बॉनेट उघड आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यावर बघ, पांढऱ्या सिरॅमिकचा बोटाएवढा तुकडा पत्र्याला एका स्क्रूने लावलेला असेल, दोन टोकांना दोन वायरी. तो बॅलास्ट रेझिस्टर. किल्ली स्टार्टवर असते तेव्हा कॉईलला करंट त्याला वळसा घालून थेट बॅटरीचा मिळतो कारण सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं. किल्ली सोडून रनवर आली की करंट त्या रेझिस्टरमधून जातो, म्हणजे पॉईंट (डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कॉईल जळू नयेत. रेझिस्टरची आतली तार तुटली की तू सांगतोयस नेमकं तेच होतं, सेल्फ मारेपर्यंत चालू, सोडली की बंद.

दोन्ही वायरी काढ आणि मल्टिमीटर ओहमवर लावून बघ. चांगला असेल तर अर्ध्या ओहमच्या आसपास दाखवेल, तुटला असेल तर काहीच दाखवणार नाही. रेझिस्टर चांगला निघाला तर वायरी परत लाव, किल्ली रनवर ठेव आणि बॅटरीकडून येणाऱ्या टोकाला व्होल्टेज येतंय का बघ. येत नसेल तर किल्लीच्या स्विचमधला रनचा कॉन्टॅक्ट किंवा फायरवॉलमधला मोठा जोड यांच्यात दोष आहे. हे बघायला किल्ली फार वेळ रनवर ठेवू नकोस, पॉईंट मिटलेले असले तर कॉईल तापते.

रेझिस्टर अगदी स्वस्त असतो. नवा घेशील तेव्हा दोन घे आणि एक ग्लव्हबॉक्समध्ये स्क्रूड्रायव्हरसकट ठेवून दे, जुन्या मोपारवाल्या (म्हणजे क्रायस्लरच्या गाड्या ठेवणाऱ्या) प्रत्येकाच्या ग्लव्हबॉक्समध्ये तो असतोच.

मस्टँगताई:

छान धागा. न्यू जर्सीहून. माझी १९६७ ची मस्टँग, २८९ इंजिन. इग्निशनवर तुम्ही लोक लिहालच, मला ब्रेकबद्दल लिहायचंय कारण सगळे पहिल्या महिन्यात कार्ब आणि एक्झॉस्टच्या मागे लागतात आणि ब्रेक तसेच राहतात. चारही चाकांना ड्रम असलेली जड गाडी, हायवेवर समोरच्या आजच्या गाडीने करकचून ब्रेक मारला तर तुमच्याकडे तेवढं अंतर नसतं. म्हणून जुनी गाडी घरी आली की इंजिनाला हात लावायच्या आधी चारही चाकं काढून ड्रम उघडा.

काय बघायचं? व्हील सिलिंडरचं रबरी टोपण हळूच उचला, आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. ब्रेक शू दोन सारखे दिसतात पण सारखे नसतात, छोटं लायनिंग असलेला पुढच्या बाजूला आणि मोठं लायनिंग असलेला मागच्या बाजूला, हे उलटं बसवलेल्या कितीतरी गाड्या मी बघितल्यात आणि मालक म्हणतो ब्रेक लागतच नाहीत नीट. सेल्फ-अ‍ॅडजस्टरचे दातेरी स्क्रू डाव्या-उजव्या चाकाचे वेगवेगळे असतात, अदलाबदल झाली तर ते आपोआप घट्ट व्हायच्या ऐवजी ढिले होत जातात. त्यामुळे एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच ठेवायची आणि स्प्रिंगा काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायचे.

आणि कृपा करून ती धूळ हवेच्या पाईपने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि खाली ट्रेमध्ये पडू द्या. गराजमध्ये लेकरं खेळत असतील तर त्यांना बाहेर काढा आधी.

रबरी ब्रेक होजकडे कोणी बघत नाही. बाहेरून चांगला दिसतो पण आतून सुजलेला असतो, पाय दाबला की तेल पुढे जातं आणि परत येत नाही, मग एक चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते आणि ड्रम तापतो. लोक सिलिंडर बदलतात, शू बदलतात, दोष राहतो तिथेच. तीन होज असतात, पुढे दोन आणि मागे एक, तिन्ही एकदम बदला.

ब्लीडिंग करताना, म्हणजे ब्रेकच्या पाईपांतली हवा काढताना, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं, मग मागचं डावं, मग पुढचं उजवं आणि शेवटी ड्रायव्हरचं. माझा मुलगा पेडलवर बसतो, मी खालून ओरडते "दाब, धर", स्क्रू घट्ट करते, "सोड". स्क्रू उघडा असताना त्याने पाय उचलला तर हवा परत आत, हे त्याला आधी नीट समजावून सांगितलंय. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, रंग खातं ते.

मिशिगणकर:

ताई, शंभर टक्के. आणि १९६७ पासून अमेरिकन गाड्यांना दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला, म्हणजे पुढचे ब्रेक गेले तरी मागचे राहतात. त्याआधीची गाडी असेल तर एकच कप्पा, एक पाईप फुटला की चारही चाकं गेली. अशांनी दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, ओरिजिनॅलिटी गेली तरी चालेल. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीच जाऊ नका. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, वर जॅक तसाच टेकवलेला, आणि आत शिरायच्या आधी गाडी हाताने जोरात हलवून बघायची.

डोंबिवलीची_पद्मिनी:

मसल कार नाही हो आमच्याकडे, पण वाचतोय मन लावून. माझी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, तिलाही पॉईंट आणि कॉन्डेन्सरच. प्रश्न: माझे पॉईंट दर काही महिन्यांनी जळतात, एका बाजूला खड्डा पडतो आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो, घासून बसवतो पण परत तेच. इकडचा मेकॅनिक म्हणतो पॉईंटची क्वालिटीच आता चांगली येत नाही. खरं आहे का?

मिशिगणकर:

काही अंशी खरं असेल पण खड्डा आणि उंचवटा ही कॉन्डेन्सरची तक्रार आहे. पॉईंट उघडतात त्या क्षणी कॉईलमधला करंट तिथून उडी मारायला बघतो, कॉन्डेन्सर तो झटका शोषून घेतो. त्याची क्षमता जुळत नसेल किंवा तो आतून गेला असेल तर प्रत्येक वेळी ठिणगी पडते आणि एका बाजूचा धातू दुसरीकडे जाऊन बसतो. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, अंधारात कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि पॉईंटकडे बघा. बारीक टिकली दिसली तर ठीक, मोठी निळी ठिणगी दिसली तर कॉन्डेन्सर गेला. त्याच्या बुडाचा स्क्रू आणि त्याखालचा पत्रा सँडपेपरने स्वच्छ करा, अर्थिंग नीट मिळालं नाही तरी हेच होतं. आणि कॉईलला रेझिस्टर लागणारी आहे का न लागणारी ते तपासा, चुकीची कॉईल असेल तर करंट जास्त जातो आणि पॉईंट जळतात.

नवे पॉईंट बसवल्यावर व्हिजिटिंग कार्डसारखा कोरा कागद मधून एकदा ओढून काढा, फिलर गेजचं तेल पुसलं जातं. कॅमच्या उंचवट्यावर पॉईंटचं ग्रीस डाळीच्या दाण्याएवढंच, जास्त लावलं तर उडून पॉईंटवर जातं. माझ्या ३४० ला दोन पॉईंटचा डिस्ट्रिब्युटर आहे, फट ०.०१४ ते ०.०१९ इंच. फट ही सुरुवात फक्त, खरं माप ड्वेल मीटरवर घ्यायचं (ड्वेल म्हणजे पॉईंट किती अंश मिटलेले राहतात ते), एका पॉईंटमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून दुसऱ्याचा ड्वेल, मग उलट, मग दोन्ही मिळून. आणि टायमिंग (ठिणगी नेमकी केव्हा पडते ते) ड्वेलनंतरच, कारण ड्वेल हलला की टायमिंग हलतंच. टायमिंग बघताना व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची नळी काढून तोंड बंद करायचं.

कुर्ला_पश्चिम:

डोंबिवलीकर आणि मिशिगणकर, तुम्हा दोघांच्या गाड्या एका अर्थाने चुलत बहिणी आहेत. प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ ला वालचंद हिराचंदांनी काढली ती क्रायस्लरशी करार करून, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जायच्या, फियाट नंतर आली. आज त्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी आहे. माझे वडील तिथे नोकरीला होते, ते सांगायचे की डॉजच्या ट्रकवाले ड्रायव्हर स्वतःच पॉईंट घासायचे, घाटात गाडी बंद पडली तर मेकॅनिक कुठून आणणार. या धाग्यावर कुर्ल्याचं नाव यायलाच हवं होतं म्हणून लिहिलं.

डोंबिवलीकर, अजून काही वर्षांनी तुमच्या पद्मिनीला पन्नास पूर्ण होतील तेव्हा व्हिंटेज म्हणून नोंदणीचा विचार करा. २०२१ पासून केंद्राचा नियम आलाय, नंबरात व्हीए अशी वेगळी सिरीज मिळते, पण गाडी मूळ रूपात असावी लागते, चासी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती असल्या कामांनाच.

कोलंबसवाला:

मिशिगणकर दादा!! मीटर लावला, काहीच दाखवत नाही, तार तुटलेली. पार्टच्या दुकानात हातात मिळाला, लावला, किल्ली सोडली आणि गाडी चालूच राहिली. बायको म्हणाली एवढंच होतं का. दोन घेतलेत, एक ग्लव्हबॉक्समध्ये.

आता पुढचं. आयडल ठीक आहे पण सिग्नलवरून निघताना पाय दिला की क्षणभर गाडी मरगळते आणि मग एकदम उसळते. कार्ब कार्टरचा आहे, चार बॅरल. आणि रात्री हेडलाईट लावून उभा असलो की डॅशबोर्डवरचा अ‍ॅम्पिअरचा काटा सारखा हलतो, प्लास्टिक तापल्यासारखा वास येतो.

मिशिगणकर:

वास आधी, कार्ब नंतर. वासाचं कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नकोस, रात्री तर नाहीच, आणि गराजमध्ये उभी असताना बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेव.

त्या काळच्या क्रायस्लरमध्ये अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणारा सगळा करंट फायरवॉलमधल्या मोठ्या जोडातून आत जातो, डॅशबोर्डमधल्या अ‍ॅम्पमीटरमधून फिरतो आणि परत त्याच जोडातून बाहेर येतो. नवी गाडी असताना हे चालून जायचं. पन्नास वर्षांनी त्या जोडातल्या चपट्या पिना गंजतात, रोध वाढतो, रोध वाढला की तापतात, तापल्या की अजून ढिल्या होतात, शेवटी प्लास्टिक वितळतं. यातून गाड्यांना आगी लागलेल्या आहेत, म्हणून हे हलक्यात घेऊ नये. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली असतानाच जोड इंजिनाच्या बाजूने उपटून बघ. जाड लाल आणि काळ्या वायरीची पिन तपकिरी किंवा वितळलेली दिसली तर पिना नव्या क्रिंप करायच्या, त्या मिळतात, आणि अ‍ॅम्पमीटरच्या मागचे दोन नट बघायचे, ढिले असतात बहुतेक वेळा.

त्यानंतर बहुतेक मोपारवाले एक काम करतात जे मीही केलंय. अल्टरनेटरच्या आऊटपुटपासून स्टार्टर रिलेच्या बॅटरीवाल्या बोल्टपर्यंत एक जाड वायर थेट टाकायची, मध्ये फ्युजिबल लिंक (करंट फार वाढला तर आधी वितळून वायर वाचवणारा तुकडा) असलीच पाहिजे, त्याशिवाय टाकायची नाही. मूळ वायरिंग तसंच राहतं पण भार वाटला जातो. डॅशमधला काटा यानंतर फार हलत नाही, म्हणून एक छोटा व्होल्टमीटर लावून घे, चार्जिंगला साधारण १४ व्होल्ट दिसले की समाधान. हेडलाईटला रिले लावले तर हेडलाईट स्विचवरचाही भार जातो आणि उजेड लक्षात येईल इतका वाढतो.

कार्बचं बघू हे सगळं झाल्यावर.

ह्यूस्टनचे_काका:

मी टेक्सासमधून, १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल, ३९६. थंडीवाल्या राज्यांचे प्रॉब्लेम वेगळे आणि आमचे वेगळे. इथे उन्हाळ्यात वीस मिनिटं गाडी चालवायची, दुकानासमोर दहा मिनिटं बंद ठेवायची आणि परत आलात की सुरू होत नाही. यात दोन वेगवेगळे आजार असतात आणि दोन्हीला लोक एकच नाव देतात.

एक म्हणजे सेल्फच फिरत नाही, नुसतं टक वाजतं. शेव्हीमध्ये सोलेनॉईड स्टार्टरवरच बसलेला असतो आणि एक्झॉस्ट त्याला चिकटून जातो, तापल्यावर आतल्या तांब्याचा रोध वाढतो आणि तो ओढत नाही. स्टार्टर बदलायच्या आधी बॅटरीपासून इंजिन ब्लॉकपर्यंतची आणि ब्लॉकपासून बॉडीपर्यंतची अर्थ केबल बदला, मग हीट शील्ड लावा. माझं नुसत्या केबलने काम झालं.

दुसरा म्हणजे सेल्फ छान फिरतो पण पेट घेत नाही आणि गॅसचा वास येतो. गाडी बंद केल्यावर इंजिनाची उष्णता वर कार्बमध्ये चढते, फ्लोट बोलमधला गॅस उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये टपकतो. आजच्या गॅसमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि तो जुन्या गॅसपेक्षा लवकर उकळतो. अशा वेळी पेडल पंप करायचं नाही. पेडल पूर्ण खाली दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा, हवा जाते आणि जास्तीचा गॅस निघून जातो. कायमचा उपाय म्हणजे कार्बच्या खाली जाड इन्सुलेटर स्पेसर, आणि गॅसची लाईन एक्झॉस्टपासून लांब. स्पेसर लावल्यावर बॉनेट एअर क्लीनरला टेकत नाही ना ते क्ले लावून बघा आधी.

इथेनॉलचं अजून एक, जुने रबरी पाईप तो आतून खातो. पाईपावर एसएई जे३०आर९ असं लिहिलेलं बघूनच घ्या, साधा पाईप भिजायला लागला की खाली तापलेला एक्झॉस्ट आहे हे विसरू नका. गाडीत अग्निशामक सिलिंडर माझ्या सीटखाली कायम असतो.

नवीन_वाचक:

एक शंका. एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन इंजेक्शनवालं इंजिन टाकून द्यावं ना? यूट्यूबवर सगळे तेच करतात, एसीही चालतो, गाडी रोज चालवता येते.

मिशिगणकर:

ज्याला तसं करायचंय त्याने करावं, गाडी त्याची. पण माझं मत विचाराल तर चालू असलेलं मूळ इंजिन काढून दुसरं टाकणं मला पटत नाही. नवीन इंजिनाबरोबर कॉम्प्युटर येतो, हार्नेस येतं, टाकीत हाय-प्रेशर पंप येतो, आणि मग रस्त्यात बंद पडली की लॅपटॉप लागतो, म्हणजे जी गोष्ट घरच्या माणसाला समजत होती ती परत समजेनाशी झाली. या इंजिनातलं काही अवघड नाहीये. मधली वाटही आहे, पॉईंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. क्रायस्लरने स्वतःच १९७३ पासून ते स्टँडर्ड केलं, तोच डिस्ट्रिब्युटर आणि मॉड्यूल आपल्या इंजिनाला बसतं आणि एकदा लावलं की टायमिंग हलत नाही. मी पॉईंट ठेवलेत कारण मला ते आवडतात आणि मॉड्यूल गेलं तर रस्त्याकडेला काही करता येत नाही, पण ज्याला लांब फिरायचंय त्याने खुशाल बदलावं, यात काही पाप नाही.

ऑईलबद्दल मात्र ऐका सगळ्यांनी. या इंजिनांचा कॅम आणि लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) एकमेकांवर घासत चालतात, रोलर नसतो. त्यांच्यामध्ये जस्त आणि फॉस्फरसचं जे रसायन लागतं ते आजच्या साध्या ऑईलमध्ये कमी केलंय कारण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. त्यामुळे आजच्या गाड्यांचं पातळ ऑईल यात घालू नका, जुन्या गाड्यांसाठी वेगळं मिळतं ते जस्तवालं घ्या. कॅम एकदा घासला गेला की त्याचं चूर्ण बेअरिंगमध्ये जातं आणि मग सगळं इंजिन उघडावं लागतं. नवा कॅम टाकला असेल तर पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलला सोडायचाच नाही, २,००० च्या वर आरपीएम ठेवून वीस-तीस मिनिटं, कमी-जास्त करत. म्हणून सुरू करायच्या आधीच टायमिंग, पाणी, गॅस सगळं तयार हवं.

शिशाच्या गॅसबद्दल पण विचारतात. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी तो १९९६ च्या सुरुवातीपासून पूर्ण बंद आहे. व्हॉल्व्ह सीट झिजते हे खरं, पण शनिवार-रविवार आरामात चालवणाऱ्या गाडीला लगेच हेड उघडायची गरज नाही. कधी तरी हेड उतरतीलच तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

मस्टँगताई:

गंजावर कोणी लिहिलं नाही अजून आणि मिशिगणकर तुम्ही तर मिठाच्या राज्यात राहता.

मिशिगणकर:

हो ताई, राहिलंच होतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून माझी गाडी गराजबाहेर येत नाही आणि वसंतातले पहिले एक-दोन मोठे पाऊस रस्ता धुऊन जाईपर्यंत थांबतो. आत ठेवताना टाकी पूर्ण भरून त्यात स्टॅबिलायझर, मग इंजिन थोडं चालवायचं म्हणजे तो कार्बपर्यंत पोचतो. ऑईल गाडी ठेवायच्या आधीच बदलायचं, काळं ऑईल महिनोन् महिने बेअरिंगवर ठेवायचं नाही. बॅटरीला टेंडर, म्हणजे हळूहळू चार्ज ठेवणारा छोटा चार्जर. आणि सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर क्लीनरच्या नळीला स्टील वूल, नाहीतर उंदीर घर करतात, आणि ते काढायचं लक्षात राहावं म्हणून स्टीयरिंगला चिठ्ठी.

गंज बघायला लोहचुंबक आणि टोच्या घेऊन खाली झोपा. चुंबक चिकटत नाही तिथे पुट्टी. डस्टर आणि डार्टमध्ये मागच्या चाकामागचा खालचा पत्रा, डिकीचा तळ आणि पायाखालचा पत्रा आधी सडतो. पायाखाली ओल येत असेल तर मॅट बदलून उपयोग नाही. विंडशील्डपुढे ज्या जाळ्या आहेत त्यात हळूहळू पाणी ओता आणि कोणाला तरी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालायला सांगा, पाणी आत टपकलं तर जाळ्यांखालच्या पेटीचा आतला पत्रा गेलाय. पायाखालच्या पत्र्याला ठिगळ घरच्या मिग वेल्डरने शिकत शिकत मारता येतं, टाके टाके देत, एका जागी सलग न जाळता. पण टॉर्शन बारचं (पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंगसारखी पिळणारी दांडी) मागचं टोक ज्या आडव्या बीममध्ये अडकतं तो बीम किंवा फ्रेम रेल सडली असेल तर ते घरचं काम नाही. त्यावर पुढच्या चाकांचा सगळा भार आहे. तिथे चांगला वेल्डर शोधा, पैसे द्या.

ह्यूस्टनचे_काका:

मिशिगणकर, ऑगस्टमध्ये वुडवर्डला गाड्यांच्या क्रूझला येतोय, हिस्टॉरिक प्लेटवर (जुन्या गाडीची खास नंबरप्लेट) तुम्ही रोज गाडी चालवू शकता का तिकडे?

मिशिगणकर:

या या काका. मिशिगणच्या हिस्टॉरिक प्लेटवर एरवी क्लब, परेड, प्रदर्शन असल्या कामांनाच गाडी काढता येते, पण ऑगस्ट महिनाभर रोजच्या वापरालाही परवानगी आहे. १९९५ पासून वुडवर्ड ड्रीम क्रूझ ऑगस्टमध्येच होते. मी त्या महिन्यात ऑफिसलाही डस्टर नेतो. गर्दीत रेंगाळत चालवायची असते, त्यामुळे यायच्या आधी फॅन क्लच आणि रेडिएटरवरचं श्राऊड (फॅनभोवतीचं कडं) बघून या. श्राऊड काढून टाकलेल्या गाड्या तिथे दुपारपर्यंत कडेला उभ्या दिसतात. आणि खालच्या रेडिएटर होजमध्ये स्प्रिंग आहे ना बघा, नसेल तर जास्त आरपीएमला तो होज आत ओढला जाऊन चपटा होतो.

कोलंबसवाला:

दादा, जोड उपटला. जाड लाल वायरीची पिन पूर्ण तपकिरी आणि भोवतालचं प्लास्टिक बसलेलं. पिना मागवल्या, फ्युजिबल लिंकसकट वायरही. तोपर्यंत गाडी उभी. आता कार्बचं सांगा, हात मोकळे आहेत.

मिशिगणकर:

छान केलंस. कार्बसाठी इंजिन बंदच ठेव, बॅटरी सुटलेलीच राहू दे. एअर क्लीनर काढ, चोकची झडप उघडी धर आणि हाताने थ्रॉटल एकदम उघडत आत बघ. पुढच्या दोन बॅरलमध्ये दोन जाड, सरळ धारा लगेच आल्या पाहिजेत. धार उशिरा आली, एकच आली किंवा नुसती ठिबकली तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाची वाटी वाळून आकसलीये किंवा खालचा छोटा चेक बॉल अडकलाय, तुझी मरगळ तीच आहे. धारा चांगल्या असतील तर वायरिंग झाल्यावर गाडी सुरू करून व्हॅक्युम गेज लाव. स्टॉक इंजिनाला आयडलला साधारण १६ ते २० इंच (पाऱ्याचे) आणि काटा स्थिर हवा. स्थिर पण बराच खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठेतरी हवा ओढतेय. ठराविक लयीत फडफडला तर एखादा व्हॉल्व्ह किंवा प्लग.

कार्ब उघडायची वेळ आली तर किट घेताना गाडीचं नाव सांगून घेऊ नकोस, कार्बच्या पायावर कोरलेला नंबर वाच आणि त्या नंबराचं किट घे, मधल्या वर्षांत कोणी दुसऱ्या गाडीचा कार्ब बसवलेला असू शकतो. वरचं झाकण उचलायच्या आधी मीटरिंग रॉडच्या दोन छोट्या टोप्या काढून रॉड वर ओढून घे, नाहीतर झाकणाबरोबर वाकतात. नंबर इथे टाकलास तर फ्लोटचं माप मी मॅन्युअलमधून बघून देतो.